जिन्यावरचं छत: आंजर्ल्यातल्या एका घरासाठी सामानाची निवड

घर आंजर्ल्यातलं, नारळ-पोफळीच्या वाडीत, समुद्र इतका जवळ की भरतीचा आवाज माजघरात ऐकू येतो. जांभ्या चिऱ्याचं बांधकाम, वर एक माडी. माजघरातून माडीवर जाणारा जिना दोन चिऱ्याच्या भिंतींमधून सरळ चढतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांत जी घरं उघडी पडली त्यांत हे एक. मंगलोरी कौलं फुटली, आढ्याजवळचे काही वासे मोडले. कौलं नव्यानं चढवायला ना माणसं मिळत होती ना कौलं, म्हणून लोखंडी पाइपांवर रंगीत पत्रा घातला गेला. माडीच्या खोल्यांवर जुनी तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचं छत होतं, ते शाबूत राहिलं. जिन्याच्या डोक्यावर मात्र काहीच नव्हतं. आधी तिथे कौलं दिसायची, आता थेट पत्रा दिसतो.

घर माझ्या मावसभावाचं. दादा आणि वहिनी मुंबईला असतात. शिमगा, मे महिना आणि गणपती सोडले तर घर बंद. जिन्यावर छत हवं यावर दोघांचं एकमत होतं, कारणं वेगवेगळी होती. दादाला एप्रिल-मेमधली झळ सहन होत नव्हती. पत्रा तापतो आणि घरातली गरम हवा चढून नेमकी जिन्याच्या माथ्यावर साठते. वहिनींची तक्रार साधी होती: "वरून पायऱ्यांवर काही पडायला नको." पडत बरंच होतं. उंदरांच्या लेंड्या, धूळ, आणि हिवाळ्यात सकाळी पत्र्याच्या आतल्या अंगावर जमणारे पाण्याचे थेंब. दगडी पायरीवर पडलेल्या थेंबावरून पाय घसरला तर काय होईल हे सांगायला नको.

काम स्वतः करायचं हे दादाचं आधीच ठरलेलं होतं. त्यात हौस होती आणि नाइलाजही होता. छताची जागा १२ फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद, म्हणजे जेमतेम ४५ चौरस फूट. एवढ्या कामासाठी दापोलीहून फॉल्स सीलिंगवाला येत नाही, आला तर येण्याजाण्याचेच पैसे कामापेक्षा जास्त होतात. मी दापोलीत घरबांधणीवर देखरेखीची कामं करते, म्हणून सामान कोणतं घ्यायचं हे विचारायला त्यानं मला बोलावलं.

तीन माणसांचे तीन सल्ले

मी पोचले तेव्हा दादाकडे तीन सल्ले जमा झालेले होते. दापोलीच्या दुकानदारानं पीव्हीसीच्या पट्ट्या सुचवल्या होत्या: पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही, एकात एक अडकवत जा, काम झालं. मुंबईच्या मित्रानं जिप्सम बोर्ड सांगितला होता, वर हिरवा बोर्ड घे म्हणजे ओलीची भीती नाही अशी पुस्तीही जोडली होती. गावातले सुतारकाका म्हणाले होते, वादळात उतरवलेले आईनाच्या लाकडाचे वासे गोठ्यात पडून आहेत, ते चिरून आण आणि माडीवर आहे तशीच तक्तपोशी कर.

तिन्ही सल्ल्यांत तथ्य आहे. पण तिघांनीही खालून दिसणाऱ्या बाजूचा विचार केला होता. कोकणात, तेही पत्र्याखाली, छताचं आयुष्य त्याच्या पाठीवर काय होतं त्यावर ठरतं. आणि जिन्यावर आणखी एक गोष्ट येते. खोलीत छताला काही झालं तर स्टूल ठेवून वर बघता येतं. जिन्यावर स्टूल ठेवायला सपाट जागाच नसते. तिथलं छत एकदा बंद झालं की माणसं वर्षानुवर्षं त्याच्याकडे बघत नाहीत आणि गळती आतल्या आत मुरत राहते. म्हणून मी दादाला म्हटलं, कोणतं सामान छान दिसेल हे नंतर बघू. आधी हे सांग, तीन पावसाळ्यांनी एका कोपऱ्यात डाग दिसला तर तू तेवढाच भाग उघडून वर कसा बघणार आहेस? माझ्या मते जिन्यावरच्या छताचं सामान या एका प्रश्नावर निवडावं.

जिप्सम का नाही

जिप्समला मी नावं ठेवणार नाही. जिन्यासाठी त्याच्यात एक मोठा गुण आहे, आणि तो क्वचितच कुणी सांगतं. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी रासायनिक रीतीनं बांधलेलं असतं. आग लागली तर आधी ते पाणी वाफ होऊन निघून जावं लागतं, तोवर बोर्ड आगीला थोपवून धरतो. जिना ही माडीवरच्या माणसांची बाहेर पडायची एकमेव वाट, त्यामुळे हा गुण मोलाचा आहे.

पण आंजर्ल्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्याच काळात हे घर गणपतीपर्यंत कुलूपबंद. दारं-खिडक्या बंद, चूल पेटत नाही, पंखा फिरत नाही. अशा घरात बुरशी लागायला गळतीही लागत नाही, दमट हवा पुरते. जिप्सम बोर्डाच्या दोन्ही अंगांना कागद असतो आणि बुरशीला कागद आवडतो. दमट हवेत बोर्ड मधोमध झोल खातो, तो झोल पुढे उन्हाळ्यात सरळ होत नाही. हिरव्या बोर्डाच्या गाभ्यात पाणी लवकर शोषू न देणारं द्रव्य घातलेलं असतं, त्यामुळे तो बाथरूमबाहेरच्या दमटपणाला टिकतो. वरून थेंब थेंब पडणाऱ्या पाण्यासाठी तो केलेलाच नाही.

वजनाचा मुद्दाही होता. साडेबारा मिलिमीटर जाडीचा बोर्ड चौरस मीटरला साधारण साडेआठ किलो भरतो. सहा बाय चारचा एक बोर्ड म्हणजे १९ किलो. तो परांचीवर उभं राहून, हात डोक्यावर ताणून, दुसऱ्यानं स्क्रू मारेपर्यंत धरायचा. खोलीत हे जमतं, जिन्यावर त्यात धोका आहे. शिवाय सांधे भरून घासून एकसंध केलेलं छत तुकड्यानं उघडता येत नाही. उघडलं की ते फुटलंच, आणि पुन्हा सांधे भरायला कारागीर हवाच.

पीओपीचा विषय आम्ही लगेच बाजूला ठेवला. तेही जिप्समच, फक्त ओलं करून जागेवर थापलेलं. त्याच्या आतली बारीक लोखंडी जाळी खाऱ्या हवेत गंजून फुगते आणि पोपडे सुटतात.

पीव्हीसी: जवळजवळ होकार

दुकानदाराच्या सल्ल्यावर मी जास्त वेळ थांबले, कारण कोकणात पीव्हीसीच्या पट्ट्यांनी बरीच घरं सांभाळली आहेत. वजन नगण्य, पूर्ण छताचं मिळून दहा किलोच्या आसपास. ओल नाही, वाळवी नाही, रंग द्यायला नको, साध्या करवतीनं कापता येतात. हौशी माणसासाठी याहून सोपं सामान नाही.

अडचणी तीन होत्या. पहिली उष्णतेची. पीव्हीसी ८० अंशांच्या सुमाराला मऊ पडायला लागतं. तापलेल्या पत्र्याखाली, हवा न खेळणाऱ्या पोकळीत पट्टी इतकी तापणार नाही, पण पोकळ, पातळ पट्टी त्याच्या बरीच अलीकडेच वाकायला लागते. तापून ती लांबतेही. १२ फुटी पट्टी ३० अंशांच्या फरकाला सात मिलिमीटरच्या आसपास वाढते. दोन्ही टोकांना ती जागा सोडली नाही तर पट्टी मधे फुगते. लावणारे बहुतेक जण टोकं भिंतीला घट्ट भिडवतात, कारण तसं नीटनेटकं दिसतं.

दुसरी अडचण धुराची. पीव्हीसी स्वतःहून भडकत नाही हे खरं. पण वरच्या वायरीला शॉर्ट होऊन ते जळायला लागलं तर निघणारा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबणारा असतो, त्यात हायड्रोजन क्लोराइड असतं. धूर वर चढतो, आणि माडीवरच्यांना त्याच धुरातून खाली यायचं असतं. बैठकीच्या खोलीत मी हा धोका पत्करायला तयार होईन. एकुलत्या एका जिन्यावर नाही.

तिसरी अडचण माझ्या मूळ प्रश्नाची. या पट्ट्या एकीच्या कडेची जीभ दुसरीच्या खाचेत बसवून एकापुढे एक जातात. मधली पाचवी पट्टी काढायची तर शेवटच्या पट्टीपासून उलटं सुटत यावं लागतं. दोन-चार वर्षं तापलेल्या पट्टीची जीभ अशा वेळी तुटते. म्हणजे एका डागासाठी सगळं छत उतरवा. असं कुणी करत नाही, आणि डाग तसाच राहतो.

लाकूड आणि प्लायवूड

सुतारकाकांचं म्हणणं मला मनापासून पटलं होतं. जुन्या आईनाचा वासा म्हणजे अनेक दशकं वाळलेलं लाकूड, आता ते वळत-तडकत नाही. माडीवरची तक्तपोशी इतके पावसाळे पाहून उभी आहे, याहून मोठा पुरावा काय हवा? पण ती तक्तपोशी कौलांखाली टिकली. कौलांच्या फटींतून हवा खेळते, ओलावा निघून जातो. पत्र्याखाली तसं होत नाही. फळ्यांच्या पाठीवर पत्र्याचा घाम ठिबकला तर डाग पडणार आणि सांध्यांतून तो पायऱ्यांवर येणार. शिवाय वासे मोजले तर संपूर्ण छताच्या फळ्या निघतील एवढं लाकूड नव्हतं. सांगाड्यापुरतं मात्र होतं. पुढे निवड झाली ती त्यातूनच.

प्लायवूडबद्दल थोडक्यात सांगते. दुकानात 'मरीन' म्हणून जे मिळतं त्या प्रत्येक तक्त्यावर आयएसआयची खूण आणि आयएस ७१० हा आकडा आहे का ते आधी बघावं. नुसता 'वॉटरप्रूफ' हा शिक्का पुरेसा नाही. आयएस ३०३ च्या, म्हणजे सर्वसाधारण वापराच्या प्लायमध्ये वेगवेगळ्या प्रती येतात आणि त्यातली साधी प्रत कोकणच्या ओलीत पापुद्रे सोडते. खरं मरीन प्लाय चांगलं असतं, पण या घराच्या चिऱ्यांतून वाळवीच्या मातीच्या नळ्या चढलेल्या मी पाहिल्या होत्या. त्या जागी, नजरेआड, प्लाय लावायची माझी तयारी नव्हती.

निवड: कॅल्शियम सिलिकेट बोर्ड, आईनाचा सांगाडा, स्टेनलेसचे स्क्रू

शेवटी ठरलं ते असं. पृष्ठभागासाठी सहा मिलिमीटर जाडीचा कॅल्शियम सिलिकेट बोर्ड. सांगाडा जुन्या आईनाचा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, आणि त्यांची डोकी उघडी ठेवायची, म्हणजे हवा तो तुकडा काढता येतो.

कॅल्शियम सिलिकेट चुना आणि वाळूतल्या सिलिकेपासून वाफेच्या दाबाखाली बनतं, आत तंतू असतात. ते पाणी शोषतं, हे लपवायला नको. पण शोषून विरघळत नाही, फुगत नाही, वाळलं की पूर्ववत होतं. जळत नाही. वाळवीला त्यात खायला काही नाही. सिमेंट फायबर बोर्ड पाण्याला याहून थोडा चिवट, पण तेवढ्याच जाडीत बराच जड. डोक्यावर धरायचं असल्यामुळे आम्ही हलकं घेतलं. चौरस मीटरला सहा किलोच्या आसपास. आठ बाय चारचे दोन बोर्ड आणून त्यांचे दोन-दोन फूट रुंदीचे आडवे तुकडे केले. असा एक तुकडा चार-साडेचार किलोचा होतो. एक माणूस एका हातानं तो सांगाड्याला टेकवून दुसऱ्या हातानं पहिला स्क्रू मारू शकतो. आठ तुकडे झाले, सहा लागले, दोन पुढच्यासाठी राहिले.

कापताना काळजी घ्यावी लागते. कटर मशीननं कापलं तर सिलिकेची बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात बसते आणि निघत नाही. म्हणून सुऱ्यानं पट्टीच्या आधारानं दोन-तीनदा खोल रेघ ओढायची आणि काठावर ठेवून मोडायचा. अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, तोंडावर कापडी नव्हे तर धुळीसाठीचा खरा मास्क लावून. हे मी दादाच्या पुतण्याला दोनदा बजावलं, कारण वीस वर्षांच्या मुलाला मास्क म्हणजे बायकी काळजी वाटते.

याच ओघात एक सांगायला हवं. आपल्याकडे पडवीवर, गोठ्यावर जुने राखाडी सिमेंटचे पत्रे सर्रास दिसतात, त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. छताच्या सांगाड्यासाठी म्हणून त्यांना भोकं पाडू नयेत आणि त्यांचे तुकडे कापून छताला तर मुळीच लावू नयेत.

सांगाडा पत्र्याला टांगायचा नाही

फॉल्स सीलिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वरून तारांनी टांगलेली जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याची चॅनलं येतात. मोठ्या खोलीत ते बरोबर आहे. जिन्यावर त्याची गरज नसते. दोन भिंतींमधलं अंतर इथे पावणेचार फूट. एवढं अंतर लाकडाची आडवी पट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सहज पेलते. त्यामुळे छताचं सगळं वजन चिऱ्याच्या भिंतींवर जातं आणि वरच्या पाइपांशी, पत्र्याशी त्याचा काही संबंध राहत नाही. वाऱ्याच्या दिवसात पत्र्याचं छप्पर थरथरतं. छताला ती थरथर पोचली नाही तर सांधे फुटत नाहीत. आणि पुन्हा एखादं वादळ आलं, छप्पर उचललं गेलं, तर खालचं छत त्याच्याबरोबर ओढलं जाणार नाही.

जीआय चॅनलं नाकारायचं दुसरं कारण खारा वारा. पातळ चॅनलवर जस्ताचा थर असतो, पण कापलेल्या टोकाला आणि स्क्रूच्या भोकाला तो नसतो, आणि गंज तिथूनच सुरू होतो. हर्णै-आंजर्ल्याच्या पट्ट्यात मी पांढऱ्याशुभ्र छतांवर कडेनं उतरलेले तांबूस ओघळ पाहिले आहेत. ते चॅनलच्या टोकांचे असतात. ॲल्युमिनियमचे चौकोनी पाइप चालले असते, पण हातात आईन असताना ते कशाला विकत घ्यायचे?

वासे सॉमिलवर चिरून दोन प्रकारच्या पट्ट्या काढल्या. भिंतीलगत लांबीच्या दिशेनं जाड पट्टी, आणि तिच्यावर आडव्या अडीच इंच रुंद पट्ट्या, दर फुटावर एक. अडीच इंच यासाठी की दोन तुकड्यांचा सांधा जिथे येतो तिथे दोघांच्याही कडांना टेकायला पुरेशी जागा मिळावी आणि स्क्रू कडेच्या फार जवळ जाऊ नये. जुने खिळे एकूण एक उपटले. एक जरी आत राहिला तर करवतीचं पातं जातं आणि सॉमिलवाला पुन्हा उभं करत नाही. वाळवी-भुंग्यासाठी सुतारकाकांनी काजूच्या टरफलांचं तेल लावलं. किनाऱ्यावर होड्यांना आणि घरच्या लाकडाला लावायची ही जुनी पद्धत आहे. हे तेल कातडीला लागलं तर फोड येतात, त्यामुळे हातमोजे घालूनच, आणि वाळेपर्यंत त्या पट्ट्यांना कुणी हात लावायचा नाही.

चिऱ्यात पकड घेणं हे या कामातलं खरं कसबाचं काम, आणि ते आम्ही सुतारकाकांकडेच ठेवलं. जांभा सच्छिद्र असतो. एका ठिकाणी भोक घट्ट बसतं, वीतभर अंतरावर ड्रिल लोण्यात गेल्यासारखं आत जातं. काँक्रीटसाठीचा आखूड प्लग तिथे धरत नाही. हातोड्याचा ठोका बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडायचं, चिऱ्याच्या मध्यावर, सांध्यात किंवा कडेजवळ नाही. त्यात लांब नायलॉन प्लग. जिथे भोक सैल झालं तिथे ते साफ करून, ओलं करून, सिमेंटचा घट्ट गारा भरून, सुकल्यावर पुन्हा. भिंतीची पट्टी बसल्यावर काकांनी तिला लोंबकळून पाहिलं. दादानंही पाहिलं.

पातळी पाण्याच्या नळीनं घेतली. पण छत अगदी समपातळीत ठेवलं नाही. माडीच्या बाजूला अर्धा इंच उतार दिला. पत्र्याचं पाणी कधी बोर्डावर पडलंच तर ते मधे तळं करून न राहता जिन्याच्या वरच्या टोकाकडे सरकेल आणि डाग तिथे दिसेल जिथे माणूस सपाट जमिनीवर स्टूल ठेवून हात पोचवू शकतो. उंची त्या टोकालाच मोजायची असते. राष्ट्रीय इमारत संहितेत जिन्याखालून जाणाऱ्या वाटेला किमान २.२ मीटर मोकळी उंची सांगितली आहे. तेच माप मी डोक्यावरच्या छतालाही धरते. इथे माडीच्या जमिनीपासून सव्वाआठ फूट मिळाले, त्यामुळे डोक्यावर गादी घेऊन चढणाऱ्याचीही अडचण नाही.

बंद करण्याआधी

बोर्ड चढवण्यापूर्वी तीन गोष्टी झाल्या. पत्र्यावर पाइपनं पाणी मारून बघितलं आणि ज्या स्क्रूंचे रबरी वॉशर कडक झाले होते ते बदलले. गळकं छप्पर झाकण्यासाठी छत करू नये. वायरमनकडून जिन्याच्या दिव्याची वायर कंड्युटमधून, म्हणजे वायरींसाठीच्या नळीतून घेतली आणि जोड छताच्या वर न ठेवता भिंतीवरच्या डब्यात आणला. आणि बोर्डाचे तुकडे जमिनीवर असतानाच दोन्ही अंगांना आणि चारही कडांना प्रायमर व रंग दिला. पाठ रंगवायची असं ऐकल्यावर दादानं आश्चर्यानं बघितलं, कारण ती कुणालाच दिसणार नव्हती. पत्र्याचे थेंब तिच्यावरच पडणार होते.

भिंतीच्या दोन्ही बाजूंना बोर्डाला इंच-इंच मोकळं सोडलं. या फटीतून जिन्यात साठलेली गरम हवा वर जाते आणि तिथून पत्र्याच्या वळचणीच्या फटीतून बाहेर. हवा कोंडली तर बोर्ड कोणताही असो, वरची पोकळी दमट राहणार. फटीवर बारीक स्टेनलेसची जाळी मारली. नायलॉनची मच्छरजाळी स्वस्त पडते, पण उंदीर ती एका रात्रीत कुरतडतात.

परांची सुतारकाकांनी बांधली: एका बाजूला माडीची जमीन, दुसऱ्या बाजूला पायऱ्यांच्या उंचीप्रमाणे कमी-जास्त पायांची लाकडी घोडी, वर दोन इंची फळ्या, दोरानं जखडलेल्या. जिन्यावर शिडी लावून एका पायाखाली विटा सरकवणं हा प्रकार कोणत्याही घाईत करू नये.

तुकड्यांमध्ये पाव इंचाची फट उघडीच ठेवली. मागे आईनाची पट्टी असल्यामुळे तिथून धूळ पडत नाही, आणि खालून पांढऱ्या तुकड्यांमध्ये लाकडाची गडद रेघ दिसते. सांधे भरायचे नाहीत, म्हणून ते फुटायचाही प्रश्न नाही. प्रत्येक भोक आधी पाडून घेतलं आणि मग स्क्रू. जिप्समसाठी मिळणारे काळे स्क्रू इथे एका पावसाळ्यात गंजतात. स्टेनलेसमध्ये ३०४ पेक्षा ३१६ खाऱ्या हवेला जास्त टिकतो, त्यात मॉलिब्डेनम असतं. तो महाग आहे, पण एवढ्याशा छताला असे किती स्क्रू लागणार?

पावसाळ्यानंतर

गणपतीला घर उघडलं तेव्हा मी मुद्दाम गेले. माडीकडच्या शेवटच्या तुकड्यावर, उताराच्या टोकाला, तळहाताएवढा पिवळसर डाग होता. बाकी छत कोरडं. दादानं स्क्रू काढले, तुकडा खाली घेतला आणि बॅटरी घेऊन वर डोकं घातलं. आढ्याच्या पट्टीजवळ एक वॉशर चिरला होता, बदलायचा राहिलेला. पाऊस उघडल्यावर बाहेरून तो बदलला. तुकडा दोन दिवस पडवीत वाळवून, डागावर प्रायमर मारून पुन्हा चढवला. ठेवणीतला तुकडा लागला नाही. पायऱ्यांवर त्या पावसाळ्यात काही पडलं नव्हतं, हे वहिनींनी केर काढताना सांगितलं.

झळ मात्र दादाच्या अपेक्षेइतकी कमी झाली नाही. बोर्ड पातळ आहे, त्यानं पत्र्याची थेट ऊब अडते, पोकळीतली गरमी अडत नाही. त्यासाठी पत्र्याच्या पोटाला चकचकीत फॉइलचं अस्तर लावावं लागेल, पत्र्याला पांढरा परावर्तक रंगही द्यावा लागेल. छतावर काही अंथरून हा उपाय होणार नाही. वजन वाढेल आणि उंदरांना आयतं अंथरूण मिळेल.

हर्णैच्या एका शेजाऱ्यांनी हे पाहून त्यांच्या जिन्यावर अगदी असंच करून मागितलं. त्यांच्या जिन्यावर काँक्रीटचा स्लॅब आहे, घर बारमाही वापरात आहे, आणि स्लॅबला वरून वॉटरप्रूफिंग केलेलं आहे. त्यांना मी जिप्समच सांगितला, समुद्राकडच्या खिडकीजवळची एक पट्टी सोडून.